परत गेलेले

मटार सोलत बसलेल्या बाईला कुणी खरं सांगायला जाऊ नये, असं ताईचं जुनं मत होतं. हात गुंतलेले, मांडीवर टरफलांचा ढीग, उठून जाता येत नाही. त्यामुळे रविवारी सकाळी मुंगी स्वयंपाकघरात येऊन शेजारी फतकल मारून बसली आणि एकच शेंग उचलून ती नुसती बोटांत फिरवत राहिली, तेव्हाच ताईने ओळखलं की आता काहीतरी अंगावर येणार.

"आत्या, वर्षभराच्या औषधमागणीवर तू सही केलीस ना?"

"केली. अठ्ठावीस वर्षं हेच काम करतेय. शेंग सोल, खेळू नकोस."

"फिटच्या गोळीची संख्या कमी लिहिली गेलीय."

"असं कसं होईल?" ताई म्हणाली. आवाज मात्र तिला हवा तितका ठाम निघाला नाही.

मुंगी म्हणजे ताईच्या धाकट्या भावाची लेक. लहानपणी ताटाबाहेर सांडलेलं शीतन् शीत वेचून खायची, म्हणून मुंगी. सहा महिन्यांपूर्वी ती सरकारी औषध भांडारात औषधनिर्माती म्हणून लागली. तिच्या मुलाखतीच्या दिवशी ताईने रजा टाकली होती आणि दिवसभर घरात कपाटं आवरली होती, उगाच कुणी म्हणायला नको की आत्याने वशिला लावला. ताईचे वडील अण्णा त्याच भांडारात पस्तीस वर्षं भांडारपाल होते. ताई खरेदी कक्षाची प्रमुख, येत्या शुक्रवारी निवृत्त होणार. आणि आता ही तिसरी पिढी हातात शेंग घेऊन बसली होती.

"गेल्या वर्षी मधले तीन महिने ती गोळी भांडारात नव्हतीच," मुंगी म्हणाली. "आलेला माल तपासणीत नापास झाला, परत पाठवला, नवा यायला तीन महिने लागले. तेवढे दिवस संगणकात वाटप शून्य दिसतं. तुमच्या कक्षाने त्याच वाटपावरून वर्षाची गरज काढली. नऊ लाख गोळ्या. आत्या, शून्य म्हणजे कुणाला नको होत्या असं नाही ना. शून्य म्हणजे आपल्याकडे नव्हत्या. बारा लाख लागतात. नऊच घेतल्या तर पुढच्या वर्षी नवव्या महिन्याअखेर फडताळं रिकामी."

ताईचे हात थांबले.

नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ती हेच तर शिकवायची. जे नव्हतंच ते खपणार कसं, बाळा? संगणक सांगतो किती दिलं, किती मागितलं ते नाही सांगत. टंचाईचे महिने हाताने भरून काढायचे. चारशे बारा औषधांपैकी कुठलं कधी संपलं होतं ते तिच्या डोक्यात असायचं, आणि दर वर्षी ती पेन्सिलीने त्या संख्या दुरुस्त करायची. या वर्षीही केल्या होत्या. पण मध्येच कुणी विचारायला आलं की बाई, निरोपसमारंभाला खुर्च्या किती लावायच्या. मग फोटोसाठी बोलावलं. परत येऊन ती बसली ती पुढच्या पानावर.

"निविदा बुधवारी उघडायचीय," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

"म्हणजे अजून मागे घेता येईल."

"येईल. कारण लिहून द्यावं लागेल."

"मग दे ना!"

ताईने तिच्याकडे पाहिलं. चोवीस वर्षांच्या पोरीला 'मग दे ना' म्हणणं सोपं असतं. "तुझ्या बाबांची कंपनी ती गोळी बनवते," ती हळूच म्हणाली. "या खेपेला त्यांचं एक प्रमाणपत्र वेळेत पोचलं नाही, म्हणून ते बाहेर राहिलेत. मी निविदा मागे घेऊन नव्याने काढली, की त्यांना दार उघडलं. आलं लक्षात?"

मुंगीच्या हातातली शेंग अखेर फुटली. दाणे घरंगळत ओट्याखाली गेले.

*

मुंगीचे आईबाबा, म्हणजे ढब्बू आणि त्याची बायको, बारा वाजता आले. ढब्बू चौपन्न वर्षांचा, काठीसारखा वाळलेला, पण लहानपणी गुबगुबीत होता त्याची शिक्षा अजून भोगत होता. औषध कंपनीत विक्रीचा मोठा साहेब झाला तरी या घराचा उंबरा ओलांडला की ढब्बू तो ढब्बूच. भावजय शाळेत शिकवायची. तिने येताना फळं आणली होती आणि दारातूनच हुकूम सोडला, "आज ताईंनी कशाला हात लावायचा नाही. आज त्या पाहुण्या."

"पाहुणी मटार सोलून बसली," अण्णा आतून म्हणाले. शहाऐंशी वर्षांचे अण्णा कानाने अधू होते, पण फक्त सोयीपुरते.

पानं वाढली. पाच माणसांना सहा खुर्च्या; सहावी आईची, तिच्यावर अजून कुणी बसत नसे. जेवताना औषधाचं नाव काढायचं नाही असा या घरात नियम होता. ढब्बू कंपनीत लागला त्या संध्याकाळी अण्णांनी तो केला. एका टेबलाशी विकत घेणारी आणि विकणारा जेवणार असतील तर तिथे फक्त मीठ मागायचं, असं ते म्हणाले होते. पंधरा वर्षं नियम पाळला गेला. एकदा ढब्बूला सणकून ताप होता, तेव्हासुद्धा त्याने गोळी मागितली ती "ते पांढरं, गोल" असं म्हणून.

"ताई, भाषण लिहिलंस की नाही शुक्रवारचं?" ढब्बूने विचारलं. "की नेहमीसारखं 'सर्वांचे आभार' म्हणून खाली बसणार?"

"नाही लिहिलं."

"चेहरा का असा? निवृत्त होतेयस, सासरी नाही चाललीस."

ताईचं लग्न राहून गेलं ही गोष्ट केव्हाच जुनी झाली होती. घरात आता तिच्यावर फक्त विनोद होत. एरवी ताईने त्याला तिथल्या तिथे चोख उत्तर दिलं असतं. आज ती नुसती भात कालवत राहिली, आणि तेच मुंगीला सहन झालं नाही.

"आत्या, तू सांगतेस की मी सांगू?"

"जेवताना नाही," अण्णा म्हणाले.

"आजोबा, बुधवारच्या आत—"

"जेवताना नाही म्हटलं ना."

"फिटची गोळी कमी पडणार आहे!" मुंगी ओरडली.

भावजयीच्या बांगड्या वाजल्या त्यासुद्धा चोरट्या वाटल्या. ढब्बूने घास खाली ठेवला. मग ताईने सांगितलं. कोरडं, कार्यालयीन टिपणीसारखं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. तीन महिने, शून्य वाटप, नऊ लाख, बारा लाख. आणि मी ते पान पाहायचं विसरले.

पहिला बोलला ढब्बू, आणि फार शांतपणे. "ताई, बुधवारी ती निविदा उघडू दे. तुझ्या पाया पडतो."

"बाबा!"

"तू गप्प बस. तुला काय माहितेय? पंधरा वर्षं मी हिच्या ऑफिसच्या पायरीला पाय लावलेला नाही. तरी प्रत्येक बैठकीत कुणीतरी डोळा मारून विचारतंच, काय, घरचीच ना ती खिडकी? आणि आता जाता जाता, शेवटच्या आठवड्यात, आम्ही नेमके जिच्यातून बाहेर राहिलो तीच निविदा ही मागे घेणार. कोण विश्वास ठेवेल की चूक झाली म्हणून? म्हणतील, बहिणीने भावाला ओवाळणी घातली."

"ओवाळणी भाऊ घालतो," भावजय म्हणाली.

"तेच! उलटीसुद्धा घातली म्हणतील!"

भावजयीने ताईच्या पानात न मागता भात वाढला. "ताई, हे म्हणतात त्यात चुकीचं काही नाही. शुक्रवारी तुम्ही सुटताय. तुमच्या जागी नवा माणूस येईल, तो बघेल. अठ्ठावीस वर्षांत तुमच्या नावावर एक शेरा नाही. आणि ही आत्ताच कामाला लागलीय, सहा महिन्यांची. हिनेच चूक काढली हे कळलं तर तिचेही वरिष्ठ काय म्हणतील?"

"नव्या माणसाला कळेपर्यंत सहा महिने जातील," मुंगी म्हणाली, "मग पुन्हा निविदा, पुन्हा तपासणी. आई, नववा महिना आहे तो. बरोब्बर."

अण्णांनी पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. "किती दिवस नव्हती म्हणालीस ती?" आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या गोळीचं नाव घेतलं, पूर्ण, डब्यावर असतं तसं, मिलिग्रॅमसकट. "नव्वद दिवस? मग भानगड काय आहे? परत गेलेले किती ते बघ आणि मिळव. पाच मिनिटांचं काम."

ताईने पाण्याचं भांडं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"अगं, परत गेलेले. रजिस्टरातला शेवटचा रकाना."

अण्णांच्या काळी भांडाराच्या रजिस्टरात लाल पेन्सिलीने ओढलेला एक रकाना असे. आरोग्य केंद्राचा माणूस औषध न्यायला आला आणि माल नसल्यामुळे रिकाम्या हाताने गेला की त्या रकान्यात त्याची नोंद व्हायची: कुठून आला, काय मागितलं, किती. कुठल्याही नियमात तो रकाना नव्हता. अण्णांनीच तो काढला होता आणि त्याचा त्यांना गर्व होता. बारशापासून बाराव्यापर्यंत कुठल्याही गोष्टीत ते तो आणून घुसवत.

"तो रकाना आता नाहीये, अण्णा."

"नाहीये म्हणजे?"

"एकोणीस वर्षांपूर्वी सगळं संगणकावर गेलं, तेव्हा समिती बसली होती. त्यातल्या तज्ज्ञाने विचारलं, जे दिलंच नाही त्याची नोंद कशाला ठेवायची? कुणाला हा रकाना हवाय का?" ताई बोटाने भात ताटाच्या कडेला सारत होती. "मी होते त्या समितीत. नवी बढती मिळाली होती. मला वाटलं, आता नाही म्हटलं तर म्हणतील, बापाचं जुनं रजिस्टर सोडवत नाही हिला. मी म्हटलं, नको, काढून टाका."

एकोणीस वर्षं अण्णा तिला संध्याकाळी विचारत आले होते, काय गं, परत गेलेले किती आज? आणि एकोणीस वर्षं ती म्हणत आली होती, थोडेच. खोटं बोलण्याचा हेतू कधीच नव्हता. पहिल्या दिवशी सांगायला धीर झाला नाही, दुसऱ्या दिवशी ते आणखी जड झालं, आणि मग ती घरातली एक रीतच होऊन बसली. चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, थोडेच म्हणायचं.

भावजय पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात अण्णांनी हात वर केला.

"शनिवारी दुपारनंतर मी तो रकाना कधीच भरला नाही," ते म्हणाले.

"काय?"

"कंटाळा यायचा. तुझी आई वाट बघायची, मला घरी यायचं असायचं. शनिवारी जे परत गेले ते गेलेच. पस्तीस वर्षांचे शनिवार. मी तुमच्यापुढे मोठ्या बाता मारत आलो, त्यात हे कधी सांगितलं नाही." त्यांनी ताईकडे पाहिलं. ओठांच्या कडेला किंचित हसू होतं, पण डोळे हसत नव्हते. "तू थोडेच म्हणायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, पोरगी आपल्यापेक्षा चांगलं चालवतेय. बरं वाटायचं."

ताईला रडू आलं असतं, पण भात समोर असताना रडणं तिला जमत नसे.

"मागच्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी पडली," भावजय एकदम म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती कुणाकडेच बघत नव्हती, सांडलेलं पाणी बोटाने टेबलावर पसरत होती. "फिट आली. बाकाच्या कोपऱ्यावर आपटली, पुढचे दोन दात गेले. तिच्या आईला मी बोलावून घेतलं. ती म्हणाली, बाई, केंद्रात गोळ्याच मिळत नाहीत, दोन महिने झाले. मी तिला झापलं. म्हटलं, असं होणारच नाही. माझी नणंदच आहे तिथे, तिथे सगळं चोख असतं. तुम्हीच नीट विचारलं नसेल." तिने बोट पुसलं. "तिने माझी माफी मागितली हो. उलट तिनेच."

मग ती आपल्या नवऱ्याकडे वळली. "मी मघाशी तुमच्या बाजूने बोलले ना, ते मागे घेते."

"वा," ढब्बू म्हणाला. "छान. म्हणजे मी एकटाच आता." तो उठला आणि हात न धुताच गॅलरीत गेला.

*

ताई पाठोपाठ गेली ती हातात ओला रुमाल घेऊन. त्याने तो घेऊन हात पुसले, अगदी लहानपणी ती पुसून द्यायची तसे, एक एक बोट.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. समोरच्या इमारतीत एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती.

"मी तुझ्या ऑफिससमोरून गाडीसुद्धा नेत नाही, माहितेय?"

"माहितेय. बँकेच्या मागून वळसा घेतोस. आमचा शिपाई सांगतो."

"पंधरा वर्षांचं पेट्रोल कोण देणार?"

"निवृत्त बाईकडे मागतोस?"

तो हसला नाही. "ताई, तुला चौकशी लागेल."

"लागेल."

"शुक्रवारी सगळे उभं राहून टाळ्या वाजवणार होते तुझ्यासाठी. तुला नको होत्या का?"

हा प्रश्न तिला टेबलाशी कुणी विचारला नव्हता. "हव्या होत्या रे," ती म्हणाली. "फार हव्या होत्या. मी साडीसुद्धा काढून ठेवलीय." आणि क्षणभर खरंच तिच्या मनात आलं, बुधवार तर आहेच किती लांब, दोन दिवस गप्प राहिलं तर कुणाला कळणार? मुंगीला कळेल. अण्णांना कळेल. आता तर दोन दात गेलेल्या त्या मुलीलाही कळेल, असं वेड्यासारखं वाटलं.

ढब्बू खाली धुतल्या जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काय लिहिणार आहेस माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल कशाला? दर वर्षी नातेवाइकांची माहिती भरून देतो त्या कागदात रकाना फक्त नवरा, मुलं आणि आईवडिलांचा आहे. भाऊ विचारलेलाच नाही त्यांनी."

"म्हणून पंधरा वर्षं लिहिलं नाहीस?"

"विचारलं नाही म्हणून."

"मग आता लिही. न विचारता लिही. आणि 'एक नातेवाईक' असलं गुळमुळीत नको, ते जास्त संशयी दिसतं. सख्खा भाऊ लिही. हुद्द्यासकट. कंपनीच्या नावासकट." त्याने रुमालाची घडी घालून तिला परत दिली. "उद्या मीही साहेबाला सांगतो, सरकारी काम माझ्याकडे देऊ नका. मग तो काय करायचं ते करेल."

"तुला काढलं तर?"

"तर तुझ्यासोबत मटार सोलेन."

आतून भावजय ओरडली, "मी ऐकतेय हं सगळं! काढलं तर काढलं, पण स्वयंपाकघरात यांना घेऊ नका!"

*

सोमवारी दहाला ताईने टिपणी संचालकांच्या टेबलावर ठेवली. दीड पान होती. रात्री ती दोनदा लिहून फाडली होती, कारण दोन्ही खेपांना 'कामाच्या व्यापामुळे' हे शब्द आपोआप येत होते.

संचालक तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते. त्यांनी एकदा वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"बाई, हे दुसऱ्या शब्दांत मांडता येईल. 'आकडेवारीचा फेरआढावा.' कुणाची चूक हे लिहायची गरज नाही."

"मग पुढच्या वर्षी पुन्हा होईल, साहेब. चूक कुठून आली ते लिहिलं नाही तर रकाना परत येणार नाही."

"आणि हा भाऊ? कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच."

संचालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "निविदा मागे घेतो. पण चौकशी नेमावी लागेल, आणि शुक्रवारचा कार्यक्रम... चौकशी चालू असलेल्या माणसाचा सत्कार मला करता येणार नाही. शेराही बसेल."

"बसू दे," ताई म्हणाली. आवाज या वेळी हवा तितका ठाम निघाला.

"आणि खरी गरज किती? बारा लाख हा तुमच्या भाचीचा अंदाज. परत गेलेल्यांची नोंदच नाही म्हणता, मग मला आधार काय दाखवाल?"

"विचारते."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

ती आपल्या खोलीत आली. टेबलावर निरोपसमारंभाचा कागद होता, कोण किती वेळ बोलणार त्याचा. तिने तो पालथा घातला, मागच्या कोऱ्या बाजूवर एक्केचाळीस आरोग्य केंद्रांची यादी केली आणि सगळ्यात लांबच्या केंद्रापासून फोन लावायला सुरुवात केली. तिथला फोन बराच वेळ वाजला. मग एका परिचारिकेने उचलला. मागे कुठलंतरी मूल रडत होतं.

"खरेदी कक्षातून बोलतेय. गेल्या वर्षी तीन महिने फिटच्या गोळ्या नव्हत्या. तेव्हा तुमच्याकडून किती जण परत गेले, काही अंदाज?"

पलीकडे कुठलातरी खण उघडल्याचा आवाज आला.

"अंदाज कशाला, बाई? माझ्या वहीत आहेत. सदतीस. हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं." पानं उलटल्याचा आवाज आला. "नुसता आकडा हवाय, की नावं सांगू?"

ताईने पेनचं टोपण काढलं.

"नावं सांगा," ती म्हणाली. "सावकाश सांगा. मी लिहून घेते."